व्हडल्या घराचं भाडं

गाडीतून उतरलो तेव्हा मी रागावलेलो नव्हतो. हे मुद्दाम सांगतो, कारण एस्पी, म्हणजे माझी बायको, अजूनही म्हणते की मी मडगावहून निघतानाच भांडायचं ठरवून निघालो होतो. मी फक्त नाही म्हणायचं ठरवलं होतं, आणि तेही सभ्यपणे. पार्किंग कमी आहे, भिंतींना ओल आहे, संडास लांब आहेत, असलं काहीतरी काढून. लिनाच्या लग्नाचं रिसेप्शन व्हडल्या घरात, म्हणजे आमच्या गावच्या जमीनदाराच्या वाड्यात, करायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. ते घर आता सजवून, दिवे सोडून लग्नाकार्याला भाड्याने देतात. "तू हो म्हटल्याशिवाय मी बुक करणार नाही, पापा," असं माझ्या मुलीने मला बजावलं होतं, "पण एकदा बघ तरी. न बघता तोंड वाकडं करू नकोस." म्हणून बघायला आलो. गाडीचं दार लावलं, चष्मा पुसला आणि चालायला लागलो. जांभ्याच्या कुंपणाच्या कडेने, विहिरीला वळसा घालून, पूर्वी जिथे डुकरं बांधायचे तिथून पुढे गेलो, दोन बुटक्या पायऱ्या चढलो आणि एका बंद दारासमोर जाऊन थांबलो. थांबलो म्हणजे दाराच्या मधोमध नाही, जरा डावीकडे सरकून. कारण आतून कोणी भांड्यांचं पाणी भिरकावलं तर ते उजवीकडे जातं. इतकं सगळं व्यवस्थित पार पडल्यावर पुढच्या बाजूने लिनाची हाक आली, "पापा! तिकडे कुठे गेलास? दार इकडे आहे!" आणि ती हसली. तिच्या हसण्यात काहीच नव्हतं. वय झालेल्या बापाचं काहीतरी चुकलं की मुली हसतात तसं ते हसणं होतं. पण मी त्या दाराकडे बघत राहिलो, आणि राग आला तो तिथे.

मी बोनिफास कुलासो, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. जमीनदारीचे परिणाम या धड्यावर दरवर्षी आठवडाभर बोलतो, आणि बरं बोलतो असं मुलं म्हणतात. भाटकाराच्या जमिनीवर झोपडं बांधून राहणारा तो मुंडकार, त्याने त्या बदल्यात काय काय करायचं, कायदा कधी आला, घराखालची जमीन कशी नावावर झाली, हे सगळं माझ्या जिभेवर आहे. माझे पाय मात्र माझ्या वर्गाला कधी बसलेले दिसत नव्हते. चाळीस वर्षांनी या आवारात आले आणि सरळ स्वयंपाकघराच्या मागल्या दारी जाऊन उभे राहिले. मी त्यांना शिव्या दिल्या. मोठ्याने नव्हे, पण अशा दिल्या की पाद्रीसमोर सांगायला लाज वाटावी. मग पुढच्या बाजूला आलो. एस्पीने माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटली, "चेहरा बघ तुझा. लोकांना वाटेल मयतासाठी जागा बघायला आलोय." ती मडगावच्या पाववाल्याची मुलगी. तिच्या बापाने सगळ्यांच्या पुढच्याच दारी पाव टाकला. ज्याचं देणं पुढच्या दारी होतं, त्याच्या पोरांना घरं नुसती घरं वाटतात.

वर बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, घरमालक उभा होता. आर्मेनियु बाब, थोरल्या भाटकाराचा नातू, माझ्याच वयाचा. चुरगळलेला पांढरा सदरा, तोही महागडा चुरगळलेला. बरीच वर्षं लिस्बनमध्ये काढून परत आला होता आणि घर वाचवायचं म्हणून घराला कामाला लावलं होतं. हे त्याचंच वाक्य. "घराला कामाला लावलं," असं म्हणून तो हसला. मला त्या हसण्यात काही गंमत दिसली नाही, कारण त्या घराला काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "या, या. कुलासो म्हणालात ना? कुठले कुलासो?"

आमच्याकडे हा प्रश्न हवापाण्यासारखा विचारतात. माणूस कोणाचा हे कळल्याशिवाय त्याला खुर्ची द्यायची की स्टूल, हे ठरत नाही. मी म्हणालो, "मडगावचे."

"म्हणजे वकील कुलासोंपैकी? आकेचे?"

मी हो म्हणालो. "त्यांच्यातलेच," असंही म्हणालो, म्हणजे शंका राहू नये. एस्पीला खोकला आला. लिना माझ्याकडे बघत होती आणि मी दारावरचं दगडात कोरलेलं घराण्याचं चिन्ह बघत होतो. दोन सिंह आणि मधे एक बुरूज. सिंहांच्या नाकाची झीज झाली होती. आत जाताना एस्पी माझ्या कानाशी म्हणाली, "वकील कधी झालास रे? मला सांगितलं असतंस तर एवढी वर्षं फुकट नसती ऐकून घेतली तुझी बडबड."  बायबलात आपल्या गुरूला नाकारणाऱ्या शिष्यासारखा मी, कोंबडं आरवतं का, हे ऐकत होतो. दुपार होती, आरवलं नाही.

मग दिवाणखाना. गावातले लोक त्याला साला म्हणायचे आणि ज्यांनी तो आतून पाहिला होता ते आवाज खाली आणून म्हणायचे. मी तो आतून असा कधी पाहिलाच नव्हता. स्वयंपाकघराच्या बोळाच्या टोकाला दार अर्धवट उघडं राहिलं की त्याची एक उभी फीत दिसायची, लाल आणि पिवळ्या लाद्यांची, आणि तिच्यावर गुडघे टेकलेली माझी माय. आता फीत सगळीकडून उघडली होती. शिंपल्यांच्या खिडक्यांतून दुधाळ उजेड येत होता. छतात तीन झुंबरं होती. पियानोवर फुलांची परडी होती. भिंतीवर माणसं टांगलेली होती. त्यांच्या चेहऱ्यांवर असं काही होतं की, हे कोण आत आले? आर्मेनियु बाब सांगत होता, "या लाद्या माकावहून जहाजाने आल्या." मला त्या कुठून आल्या ते माहीत नव्हतं, कशाने पुसतात ते माहीत होतं. आधी नारळाच्या काथ्याने, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या, आणि चर्चच्या फेस्ताच्या, सणाच्या, आदल्या दिवशी मेण. लिना मान मागे टाकून झुंबराकडे बघत होती. मला भीती वाटली की आता ती काहीतरी बोलेल. कारण मायने तिला या झुंबराचं वेड लावलं होतं.

म्हातारपणी माय आमच्या मडगावच्या फ्लॅटमध्ये राहायला आली आणि शामाय झाली, आजी झाली. तोपर्यंत ती कधी फारसं बोलायची नाही. पण लिना मांडीवर आली की तिचं तोंड सुटायचं. "आमच्या मधल्या झुंबराला शंभरावर लोलक होते," ती म्हणायची. "आमचा पियानो पावसात फुगायचा, म्हणून आम्ही त्याच्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायचो." आमचं झुंबर. आमचा पियानो. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. क्रिकेट असो, बातम्या असोत, एकदा तर नुसती शेतीची माहिती चालू होती, तरी वाढवला. मला भाटकाराचा राग असा नीट कधी आलाच नाही, तो नेहमी वाटेतच मायवर खर्च व्हायचा. थोरल्या भाटकारीणबायने तिला एकदा जुने बूट दिले होते, एका पायाला सैल आणि दुसऱ्याला घट्ट, आणि माय ते घालून चर्चमध्ये मिसाला जायची आणि सगळ्यांना सांगायची, कोणी दिले ते. त्या घरात कामाला येणाऱ्या सगळ्या बायकांना एकाच नावाने हाक मारायचे, मारियान, म्हणजे लक्षात ठेवायला नको. माय त्यालाही हसायची. "पाच जणी होतो, पाचीजणी एकदम ओ द्यायचो," असं सांगून ती लिनाला हसवायची, आणि मी सोफ्यावर बसून रिमोटची बटणं दाबायचो.

"खुर्च्या तीनशे लावता येतात," आर्मेनियु बाब म्हणत होता. "बार मागे, जुन्या स्वयंपाकघरात. चूल तशीच ठेवलीय. लोक तिच्यापाशी फोटो काढतात. वाढायला आम्ही पोरी उभ्या करतो जुन्या वेशात, लाल चौकटीचं कापड, अनवाणी. इथल्याच वाड्यावरच्या मुली आहेत, त्यांनाही चार पैसे मिळतात."

"अनवाणी का?" मी विचारलं.

"ऑथेंटिक दिसतं," तो म्हणाला.

एस्पीने माझ्या कोपराला हात लावला. तो हात म्हणजे लग्नाच्या तीस वर्षांत तयार झालेला ब्रेक आहे. मी थांबलो. मला खरं तर तेव्हाच म्हणायला हवं होतं की ओल आहे, पार्किंग नाही, चला. ओल होतीही. पियानोच्या मागची भिंत नकाशासारखी फुगली होती. पण मी वकील कुलासोंपैकी होतो, आणि वकिलांना अनवाणी पोरींचं काय वाईट वाटणार? एकदा का माणूस वरच्या पंगतीत जाऊन बसला की त्याला जेवण आवडल्यासारखंही दाखवावं लागतं.  लिना फक्त लाद्यांवरून चालत होती, बूट काढून, एकेका लादीवर पाऊल ठेवून. मला तिचाही राग आला. तिचा होणारा नवरा ड्वेन, तो जहाजावर असतो, त्याचाही आला, कारण त्याने फोनवर फोटो बघून "क्लासी" असं लिहून पाठवलं होतं.

"आणि आता सगळ्यात सुंदर गोष्ट," आर्मेनियु बाब म्हणाला आणि आम्हाला खिडकीपाशी घेऊन गेला. तिथून फाटक दिसत होतं आणि फाटकाशेजारचा पांढरा खुरीस, दगडी क्रूस. "बँड त्या खुरसापाशी थांबवायचा. एकदम, सूर मध्येच तोडून. मग नवरानवरी नुसती चालत येतात. वाद्य नाही, कोणी बोलायचं नाही. फक्त पावलांचा आवाज. मग पायऱ्या चढून आत आली की आतलं व्हायोलिन सुरू. ही या घराची जुनी रीत आहे. पूर्वी गावातलं प्रत्येक लग्न इथून जाताना आदराने बँड थांबवायचं. आम्ही तेवढं जपलंय. ड्रोनने काढलं की काय दिसतं, म्हणून सांगू! मागच्या महिन्यात पुण्याची एक पार्टी होती, त्या नवरीची आई रडली."

माझी बहीण किटेरिया, आम्ही तिला किटू म्हणतो, तिचं लग्न झालं तेव्हा पोर्तुगीज जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तिसवाडीहून आणलेला बँड होता, दोन ट्रंपेट, एक क्लॅरिनेट, आणि एक ढोलवाला, तो आधीच प्यालेला. चर्चमधून निघालो तेव्हापासून ते वाजवत होते, आणि किटू, जी आयुष्यात कधी नाचली नव्हती, ती पांढऱ्या झग्यात चालता चालता खांदे हलवत होती. खुरसापाशी आलो आणि ट्रंपेटवाल्याने ट्रंपेट काखेत घातलं. कोणी सांगितलं नाही, कोणी हात केला नाही. आपोआप. ढोलवाल्याला तेवढं कळायची शुद्ध नव्हती, त्याने एक थाप मारलीच, तर आमच्या बाने त्याचा हात धरला. मग सगळी वरात भिंतीच्या कडेने चालत गेली. खडी वाजत होती, बायकांचे झगे घासत होते. किटूने खांदे आत ओढून घेतले होते आणि मान खाली. मी व्हडल्या घराकडे बघितलं. सगळ्या खिडक्या बंद होत्या. भाटकार, भाटकारीण, सगळे लिस्बनला गेलेले, त्याला वर्षं लोटली होती. घरात कोणी नव्हतं. राखणदारसुद्धा नव्हता, कारण राखणदार आमच्या वरातीत होता, सूट घालून. आम्ही एका कुलूप लावलेल्या घरासाठी माझ्या बहिणीच्या लग्नातला बँड थांबवला. भिंत संपली तेव्हा तो पुन्हा सुरू झाला, पण किटूचे खांदे काही पुन्हा हलले नाहीत. ती आता सत्तरीची आहे. नातवंडांच्या बाप्तिज्माला सगळे नाचतात, ती खुर्चीत बसून टाळ्या वाजवते. त्याला आदर म्हणतात, हे मला आज कळत होतं. ड्रोनमधून.

"आदराने?" मी विचारलं.

"हो तर."

"तुम्ही ऐकला होता?"

"काय?"

"तो आदर. कसा ऐकू येतो, ते विचारतोय. तुम्ही तर लिस्बनला होता."

आर्मेनियु बाब माझ्याकडे बघून हसला. वकील लोक असे खवट असतात, हे त्याला माहीत असावं. एस्पीचा ब्रेक पुन्हा लागला, या वेळी जरा जोरात. आणि तेवढ्यात लिना, हातात बूट घेऊन, हॉलच्या मधोमध उभी राहून, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "आमची शामाय तुमच्याकडे कामाला होती. आनिसेता."

मला वाटलं, भिंतीवरची माणसं आता खाली उतरतील. पण आर्मेनियु बाबचा चेहरा उजळला. खरंच उजळला, खोटं मी सांगणार नाही. "आनिसेता!" तो म्हणाला. "अरे देवा. आनिसेता म्हणजे ती, पुढचे दोन दात नसलेली? मी लहान असताना सुट्टीत यायचो तेव्हा मला काजूच्या बिया भाजून द्यायची. आणि तू तिचा मुलगा?" वकील कुलासो कुठे गेले, याची त्याने चौकशीसुद्धा केली नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. "अरे, मग आधी नाही का बोलायचं? आहे अजून?"

"वारली," मी म्हणालो. "तीन वर्षं झाली."

"अरेरे. मला कोणी कळवलं नाही. मी मिसाला आलो असतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. राग आला की मला वाटतं समोरचा माणूस ढोंगी असावा, निदान एवढी तरी सोय देवाने करावी. तो ढोंगी नव्हता. त्याला माझी माय खरंच आवडत होती. "म्हणजे तुम्ही आपलीच माणसं," तो म्हणाला. "आपल्या माणसांकडून मी भाडं घेऊ? निम्मं दे. निम्मंही नको, फक्त विजेचं आणि साफसफाईचं दे. आनिसेताच्या नातीचं लग्न या घरात, अजून काय पाहिजे? थांब, बायकोला बोलावतो. पोर्त वाइनची बाटली आहे, ती काढू." आणि तो आत गेला. बोळातून त्याचा आवाज ऐकू आला, "अगं, आनिसेताचा मुलगा आलाय!"

साला रिकामा झाला. मी लिनाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?"

"सगळं. कोण होतो आपण इथे."

"शामायने सांगितलंय की. मागलं दार, मारियान, बूट, किटूमावशीचा बँड. तू टीव्ही मोठा करायचास, पण मी तिच्या मांडीवर बसलेली असायचे, पापा. मला ऐकू यायचं."

किटू तिची आत्या, पण लिना लहानपणापासून तिला मावशीच म्हणते. तेही मला तेव्हा टोचलं. टोचायला काहीही चाललं असतं.

"आणि तरी इथेच?"

"इथेच म्हणजे काय? एवढं पुसलं तिने. घरातलं कोणीतरी त्याच्यावर नाचायला नको?"

"तुला राग येत नाही?"

"तो तू करतोसच की," ती म्हणाली. "घरात एकाने केला की पुरतो."

एस्पी हसली. मी तिच्याकडे बघितलं तसं तिने हसू आवरलं आणि उगाच पियानोचं झाकण उघडून एक पट्टी दाबली. ओल्या लाकडाचा आवाज आला. मला तिथे उभं राहून असं वाटलं की माझ्या आयुष्यातल्या सगळ्या बायकांनी माझ्या पाठीमागे या घराशी कधीच समझोता करून टाकला आहे आणि मी एकटाच बाहेर दगड घेऊन उभा आहे. दगडही हातात गरम झाला आहे. फेकावा तर कशावर? झुंबर मायने पुसलेलं. लाद्या मायने पुसलेल्या. त्या घरात आमचा घाम न लागलेलं असं काहीच दिसेना.

आर्मेनियु बाब परत आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये छोटे पेले, मागे त्याची बायको, हात पुसत, "कुठाय आनिसेताचा मुलगा?" करत. त्याने पहिला पेला माझ्या हातात दिला. "तारीख तू सांग," तो म्हणाला. "भाड्याचं डोक्यातून काढून टाक. आपल्या माणसांशी व्यवहार कसला?"

"पूर्ण भाव घ्या," मी म्हणालो.

"अरे, वेडा आहेस का?"

"तुमच्या कागदावर छापलाय तो. पुण्याच्या पार्टीकडून घेतला तो. एक रुपया कमी केलात तर आम्ही दुसरीकडे जाऊ."

"बोनिफास," एस्पी म्हणाली. पण ब्रेक लागला नाही.

"आणि पोरी चपला घालून वाढतील. आणि बँड खुरसापाशी थांबणार नाही. वाजत येईल, पायऱ्यांपर्यंत. पायऱ्या चढून आत येईल. या हॉलमध्ये उभा राहून वाजेल."

आर्मेनियु बाबने ट्रे पियानोवर ठेवला. तो दुखावला गेला होता, हे दिसत होतं, आणि ते बघून मला बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला. "आत ट्रंपेट वाजवलं तर छताचा गिलावा पडेल," तो म्हणाला. "जुनं घर आहे. बँड बाहेर थांबवायला हेही एक कारण आहे. इंजिनियरने सांगितलंय."

"पडू दे. नुकसान बिलात लावा. तेही पूर्ण."

त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. तो छताकडे बघत होता, बहुतेक गिलाव्याचा हिशेब करत. मग त्याने खांदे पाडले. "ठीक आहे, मिस्टर कुलासो," तो म्हणाला. "जशी तुमची इच्छा. पावती करून आणतो." आणि तो पुन्हा आत गेला. या वेळी बोळातून काही ऐकू आलं नाही.

"तू नाही म्हणायला आला होतास ना?" एस्पीने विचारलं.

 लिना मधल्या झुंबराखाली उभी राहून फोनवर ड्वेनला सांगत होती, "हो, पापा हो म्हणाला. म्हणजे, ओरडला, पण हो." माझे पाय दुखत होते. भिंतीच्या कडेने कोरीव खुर्च्यांची रांग होती, प्रत्येकीच्या पाठीवर तेच सिंह आणि बुरूज, आणि रांगेसमोर लाल मखमली दोरी बांधलेली, मधे पाटी, बसू नये. मी दोरी ओलांडली. भाटकाराची बायको "अहो, त्या फक्त बघायला—" एवढं म्हणेपर्यंत मी बसलोही. पूर्ण वजन टाकून, पाय पसरून, हातातला पेला मांडीवर ठेवून. खुर्ची लांबलचक करकरली. वेताच्या विणीतला एक धागा तुटल्याचं माझ्या मांडीला कळलं. पण मोडली नाही. मोडली असती तर तिचेही पूर्ण पैसे द्यायला मला आवडलं असतं.